नाव आधी, बातमी मागाहून

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी लोणंद सोडते आणि वाठार, कोरेगाव, कऱ्हाड करत शेणोलीला येते. ७ जून १९४३ रोजी याच शेणोलीजवळ इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेच्या तरुणांनी रुळांवर धोंडे रचले आणि सरकारी पगाराची रक्कम घेऊन चाललेली गाडी अडवली. ती मागे हटू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही धोंडे टाकले. हत्यारं म्हणाल तर कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बाँब. एकोणीस हजार रुपयांहून थोडी अधिक रक्कम त्यांच्या हाती लागली, आणि त्या काळी ही रक्कम छोटी नव्हती.

आता या घटनेची बातमी लिहायची आहे. पहिल्याच ओळीत काय म्हणणार? दरोडा, लूट, हल्ला, की खजिना ताब्यात घेणं?

पोलिसांपुढे हा प्रश्न नव्हता. भारतीय दंडविधानाच्या ३९१ व्या कलमात व्याख्या तयार होती: पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. ३९५ व्या कलमात त्याची शिक्षा होती. शेणोलीला पाचांहून अधिक माणसं होती, पैसे बळाने घेतले होते, तेव्हा दरोडा. कायद्याच्या भाषेत या शब्दाला बोट लावायला जागा नाही, आणि हेच त्याचं सामर्थ्य. जो शब्द काटेकोर असतो आणि शिवाय बदनामही करतो, त्याला खोडून काढणं सर्वांत अवघड जातं.

दुसरी बाजू कुंडलच्या रामचंद्र श्रीपती लाड यांनी मांडली. ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखले जाणारे हे तुफान सेनेचे म्होरके. भाऊंनी नव्वदी ओलांडल्यावर पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटायला गेले, तेव्हा गाडी ‘लुटली’ या शब्दालाच भाऊंनी हरकत घेतली. इंग्रजांनी इथल्या लोकांकडून नेलेला पैसा आपण परत आणला, असं त्यांचं म्हणणं. सत्तर वर्षं उलटून गेली होती, इंग्रज गेले होते, खटल्याची भीती नव्हती. तरी एका शब्दावर म्हातारा माणूस अडून बसला. मला यात हट्ट दिसत नाही. आपल्यावर झालेल्या गोळीबारापेक्षा आपल्याला दिलेलं नाव जास्त टिकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण वाचक म्हणून माझी अडचण वेगळी आहे. ‘दरोडा’ वाचून मला काय कळलं? आणि ‘पैसा परत आणला’ हे वाचून तरी काय? गाडीतल्या उतारूंच्या पिशव्यांना कोणी हात लावला का, गार्डाला मार बसला का, ती रक्कम पुढे कुठे गेली, हे प्रश्न दोन्ही नावं सारखीच गिळून टाकतात. सशस्त्र संघर्षाच्या बातमीत वापरलं जाणारं भारित नाव खोटं असतंच असं नाही. पुष्कळदा ते खरंच असतं. ते नाव मिळालं की तपशील विचारायची गरज वाटेनाशी होते, हा त्याचा खरा दोष.

सातारा जिल्हा भारित नावांच्या या अभ्यासासाठी फार सोयीचा आहे. तेव्हाचा सातारा म्हणजे आजच्या सांगलीतला वाळवा, तासगाव, शिराळा हा मुलूखही त्यातच आला. १९४२ च्या सप्टेंबरात ‘चले जाव’ चळवळीत तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला गोळीबारात परशुराम घार्गे पडले, इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे. त्यानंतर माणसं भूमिगत झाली आणि १९४३ पासून जवळजवळ १९४६ पर्यंत शेकडो गावांत समांतर कारभार चालला. न्यायदान मंडळं, दारूबंदी, बिनखर्चाची गांधी-पद्धतीची लग्नं, आणि हाताशी तुफान सेना. नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर, पांडू मास्तर ही त्यातली ठळक नावं. त्यांनी याला नाव दिलं ‘प्रतिसरकार’.

लोकांच्या तोंडी मात्र झालं ‘पत्री सरकार’. का, याच्या दोन हकिगती सांगतात. एक अशी की ‘प्रति’ हा उपसर्ग खेड्यातल्या जिभेवर ‘पत्री’ होऊन बसला. दुसरी अशी की फितुरांच्या तळपायांना हे लोक घोड्याच्या नालासारखी पत्री ठोकतात, अशी वदंता उठली. प्रत्यक्षात नोंद आहे ती तळपायांवर काठीने मारण्याची, माणूस काही दिवस चालूच शकणार नाही इतकं. सरकारी बाजूला पत्री ठोकण्याची कहाणी सोयीची होती, कारण तिने समोरचा माणूस राक्षस ठरत होता. गंमत म्हणजे प्रतिसरकारलाही ती गैरसोयीची नव्हती. ज्या गावात खबऱ्याच्या मनात नुसत्या पत्रीची धास्ती बसली, तिथे काठी उचलावीच लागली नाही. वदंतेने चिकटवलेलं नाव या लोकांनी अंगावरच ठेवलं. आज कुंडल-वाळव्याकडे ‘पत्री सरकार’ म्हणताना कोणाच्या आवाजात तुच्छता नसते.

गुंता आणखी आहे. त्याच काळात, त्याच डोंगरांत खरेखुरे दरोडेखोरही होते. बेचाळीसच्या धामधुमीत पोलीस चळवळीच्या मागे लागले, आणि या टोळ्यांचं फावलं. काहींनी तर चळवळीचंच नाव सांगून घरं फोडली. प्रतिसरकारने सुरुवातीला जी कामं हाती घेतली त्यांत या टोळ्यांचा बंदोबस्त हे मोठं काम होतं, आणि गावाचा विश्वास बसला तो त्यामुळेच. सरकारी कागदावर मात्र दरोडे घालणारे आणि दरोडेखोरांना धरणारे एकाच सदरात जात. ही चूक अनवधानाने होत होती असं मानायला मी तयार नाही. एकाच सदरात घातलं की एकाचं काळं दुसऱ्याला आपोआप लागतं.

सरकारला स्वतःला काय वाटत होतं, हे पाहायचं तर त्याचे जाहीर कागद आणि खाजगी तारा शेजारी ठेवाव्या लागतात. ३१ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना तार केली. तिचा आशय असा की आपण १८५७ नंतरच्या सर्वांत गंभीर बंडाला तोंड देत आहोत आणि त्याचं गांभीर्य नि व्याप्ती लष्करी कारणांसाठी आजवर जगापासून लपवून ठेवली आहे. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, सरकारने याच घटनांवर एक पुस्तिका छापली. तिच्या नावात बंड नव्हतं. तिथे होती १९४२-४३ ची ‘गडबड’, आणि तिची जबाबदारी काँग्रेसवर. बंड म्हटलं की बंडाला कारण असतं, मागणी असते, आणि वाटाघाटीची खुर्चीही ठेवावी लागते. गडबडीला फक्त बंदोबस्त लागतो. दारं बंद करून ‘बंड’ म्हणायचं आणि चव्हाट्यावर ‘गडबड’, ही तफावत ज्या दिवशी दिसते त्या दिवशी नाव कशासाठी निवडलं हेही दिसतं. भारत संरक्षण नियमांखाली वृत्तपत्रांच्या हातात बेड्या होत्याच. त्यामुळे पुण्या-मुंबईचा वाचक साताऱ्याबद्दल जे वाचत होता ते बहुतेक सरकारी शब्दांतून गाळून आलेलं होतं.

‘फरारी’ आणि ‘भूमिगत’ ही जोडीही याच काळातली. माणूस एकच. पोलीस पाटलाच्या चावडीवर लावलेल्या जाहीरनाम्यात तो फरारी, आणि ज्या घराच्या माळ्यावर रात्री झोपला त्या घरच्या बाईच्या बोलण्यात भूमिगत. कुंडल तर औंध संस्थानात होतं. इंग्रजी हद्द ओलांडून संस्थानात पाऊल टाकलं की इंग्रज पोलिसाचा हात आखडायचा. म्हणजे नुसता ओढा पार केल्यावर ‘फरारी’चा पाहुणा होत असे.

साताऱ्याला हे सगळं १९४२ मध्ये पहिल्यांदा घडलं असं मात्र नाही. लोणंदच्या उत्तरेला नीरा ओलांडली की पुरंदरचा मुलूख लागतो. तिथल्या भिवडीच्या उमाजी नाईकांना कंपनी सरकारने आधी दरोडेखोर ठरवलं, मग माफी देऊन नोकरीत घेतलं, मग पुन्हा दरोडेखोर ठरवलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं. त्यांना पकडणारा कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढच्याच वर्षी रामोशी जमातीवर आणि उमाजींवर पुस्तक लिहिलं. उमाजींबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं त्यांना पकडणाऱ्याच्या लेखणीतून आलं आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, त्यांच्या खटल्यातही दरोडे होते. ते एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये वारले, आणि शालेय पुस्तकात ‘आद्य क्रांतिकारक’ झाले. १८५७ बद्दल तर सांगायलाच नको. विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवर्णनाच्या मथळ्यात ‘बंड’ आहे. ते पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं. दोनच वर्षांनी सावरकरांनी त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. गोडसे भटजी इंग्रजधार्जिणे नव्हते. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्याला तेव्हा मराठीत चालू असलेला शब्द लावला, एवढंच.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की नावं ठेवण्याचा हा धंदा परक्या सरकारचा. तसं समजणाऱ्याने मराठवाड्यात जावं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. सोलापूरकडून गेलेल्या तुकड्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. या मोहिमेला आजही धाराशिव-नांदेडकडची जुनी माणसं ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, आणि मराठवाड्यात पुष्कळ घरांत कालगणनाच तशी आहे: अमक्याचा जन्म ॲक्शनच्या आधीचा, तमक्याचं लग्न ॲक्शननंतरचं. रणगाडे घेऊन पोलीस येत नाहीत, हे त्या माणसांनाही कळत होतं. पण ‘युद्ध’ म्हटलं असतं तर समोर दुसरा देश आहे असं कबूल करावं लागलं असतं, आणि हैदराबादने तर सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेऊन ठेवली होती. ‘पोलीस कारवाई’ म्हटलं की मामला घरातला राहतो. हा शब्द आपण पहिल्यांदा वापरला असंही नाही. डच सरकारने १९४७ मध्ये इंडोनेशियावर फौजा घातल्या, तेव्हा त्यांनी त्याला हेच नाव दिलं होतं. आणि डचांनी १९४८ च्या डिसेंबरात तसंच पुन्हा केलं तेव्हा त्याच्या निषेधासाठी जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनीच दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली.

हैदराबाद भारतात यायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी गावोगाव जे केलं त्याच्या आठवणी मराठवाड्यातल्या घराघरांत आहेत. प्रश्न वेगळा आहे. ‘पोलीस कारवाई’ या शब्दात पाच दिवस बसले, पण त्यानंतरचे आठवडे बसले नाहीत. त्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. पोलीस कारवाई म्हणजे शिस्त, बंदोबस्त, कायदा. अशा शब्दाच्या पोटात एवढी प्रेतं असतील असं वाचणाऱ्याला सुचणार तरी कसं? ज्याला शिवीगाळीची नावं तेवढी भारित वाटतात त्याने हे उदाहरण लक्षात ठेवावं. इस्त्री केलेला, गुळगुळीत, कचेरीतला शब्द कधीकधी शिवीपेक्षा जास्त लपवतो.

ब्रिटिशांनी मलायात १९४८ ते १९६० अशी बारा वर्षं लढाई केली आणि तिला ‘आणीबाणी’ म्हटलं. त्यामागचं एक कारण अगदी व्यापारी होतं. रबराच्या मळ्यांचे आणि कथलाच्या खाणींचे विमे लंडनमध्ये उतरवलेले, आणि युद्धात झालेलं नुकसान विमा कंपन्या भरून देत नाहीत. समोरच्या लढवय्यांना आधी ‘डाकू’ म्हणायचं असा हुकूम होता. १९५२ पासून तो बदलून ‘कम्युनिस्ट दहशतवादी’ झाला. माणसं तीच, जंगल तेच. केनियात जे स्वतःला भूमी आणि स्वातंत्र्य सेना म्हणवत त्यांना जग ‘माऊ माऊ’ म्हणून ओळखतं. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यातल्या पाच हजारांहून अधिक म्हाताऱ्यांना छळाबद्दल भरपाई दिली, तेव्हाही मथळ्यांत माऊ माऊच होते.

आता आपल्या दारात येणाऱ्या वर्तमानपत्राकडे वळू. लोणंद मोठं मौजेच्या जागी आहे. उत्तरेकडून पुण्याच्या आवृत्त्या, दक्षिणेकडून सातारा-कोल्हापूरच्या. कांद्याच्या बाजाराच्या दिवशी स्टँडजवळच्या टपरीवर चार-पाच पेपर शेजारीशेजारी टांगलेले असतात आणि एकच चकमक चार मथळ्यांत वाचता येते. ‘चकमक’ हाच शब्द घ्या. गारगोटीवर पोलाद घासलं की ठिणगी उडते, ती चकमक. दोन्ही बाजूंनी काहीतरी घासलं गेलं, हे त्या शब्दातच गृहीत आहे. त्यामुळे ‘चकमकीत तीन ठार’ असं छापलं की समोरूनही गोळ्या आल्या होत्या हे बातमीदाराने न सांगताच सांगून टाकलं. ते त्याला कुठून कळलं? बहुतेक वेळा पोलिसांच्या पत्रकातून.

मराठी मथळ्यांचा असा एक वेगळा शब्दसंग्रहच आहे. ‘कंठस्नान’, ‘खात्मा’, ‘यमसदनी’, ‘भ्याड हल्ला’, ‘चोख प्रत्युत्तर’, ‘जहाल नक्षलवादी’. शहरातल्या मोर्च्यासाठी ‘सौम्य लाठीमार’ आणि दुसऱ्या दिवशीची ‘तणावपूर्ण शांतता’. हा लाठीमार ज्याच्या पाठीवर पडला त्याने तो सौम्य होता अशी साक्ष दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. रात्री अकराला पान लावणाऱ्या उपसंपादकाला यातला प्रत्येक शब्द तयार सापडतो. तीन कॉलमांत बसतो, बातमीला जोर येतो, आणि कोणी जाब विचारत नाही. द्वेषापेक्षा घाईच इथे जास्त काम करते.

नमुन्यादाखल एक मथळा करून पाहू: ‘जवानांकडून तीन नक्षलवाद्यांना कंठस्नान’. याच बातमीचं सपाट रूप असं होईल: ‘पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार, ते बंदी असलेल्या माओवादी संघटनेचे होते, असे पोलिसांचे म्हणणे’. दुसरा मथळा लांब आहे, रुक्ष आहे, आणि त्यात जवानांचा अपमान कुठेच नाही. फरक एवढाच की पहिल्यात पत्रकाचं म्हणणं पेपराचं म्हणणं होऊन बसलं आहे, आणि दुसऱ्यात कोण काय म्हणतं ते वेगळं राहिलं आहे. उद्या त्या तिघांतला एक जण नुसता गुरं राखणारा निघाला, तर दुसरा मथळा खोटा पडत नाही.

हे कल्पनेतलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोलीत कसनासूरजवळ मोठी कारवाई झाली. इंद्रावतीच्या पात्रातून पुढचे काही दिवस प्रेतं निघत राहिली आणि आकडा वाढत चाळिसाच्या घरात गेला. गट्टेपल्लीच्या काही कुटुंबांनी सांगितलं की आमची पोरं लग्नाला म्हणून गेली होती. पोलिसांचं म्हणणं, ती माओवाद्यांच्या दलममध्ये नव्याने भरती झालेली होती. यातलं खरं कुठलं याचा निवाडा लोणंदच्या टपरीसमोर उभ्या असलेल्या वाचकाला करता येणार नाही. पण पहिल्याच दिवशी सगळ्या प्रेतांना एकच नाव लागलेलं असलं की पुढे कुटुंबांच्या बोलण्याला बातमीत फार जागा उरत नाही.

पण म्हणून जंगलातल्या दुसऱ्या बाजूची भाषा निर्मळ ठरत नाही. एखाद्या गावकऱ्याचं प्रेत रस्त्यावर टाकून शेजारी चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यात लिहायचं ‘पोलिसांचा खबऱ्या’. या एका शब्दात आरोप, खटला, निकाल, शिक्षा सगळं उरकलं जातं. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांचा खाजगी गाडीचालक उडवून दिला. तो चालक कुठल्या वर्गसंघर्षात शत्रू होता? ‘खबऱ्या’वरून पुन्हा साताऱ्याकडे पाहावं लागतं. प्रतिसरकारने ज्यांच्या तळपायांवर काठ्या मारल्या त्यांतले सगळे खरोखर फितूर होते का? गावकीची जुनी भांडणं, बांधाचे वाद त्यात मिसळले नसतील, असं छातीठोकपणे कोण म्हणेल? पत्री सरकारबद्दल आदर असणाऱ्याने, आणि तो मला आहे, हा प्रश्न टाळू नये.

मग दहशतवादी हा शब्दच वापरू नये का? बीबीसीचं धोरण जवळपास तसंच आहे: आपल्या तोंडाने तो शब्द वापरायचा नाही, कोणी वापरला तर त्याच्या नावावर घालायचा. २६/११ च्या मुंबईत मारेकऱ्यांना नुसतं ‘बंदूकधारी’ म्हटलं म्हणून पत्रकार एम. जे. अकबर बीबीसीवर संतापले होते. २०२३ मध्ये हमासवरून इंग्लंडमध्येच त्यांना शिव्या बसल्या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरण कुरणात २६ जण मारले गेले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचे, डोंबिवली, पुणे, पनवेलचे. तेव्हाही बीबीसीच्या ‘मिलिटंट’वर भारत सरकारने पत्र लिहून नाराजी कळवली आणि न्यूयॉर्क टाइम्सला अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीने शब्द खोडून दाखवला.

या वादात मी पूर्ण बीबीसीच्या बाजूचा नाही. सहलीला आलेल्या निःशस्त्र माणसांना धर्म विचारून गोळ्या घालणं हे दहशतीचं कृत्य आहे, आणि कृत्याला त्याच्या नावाने हाक मारणं हा पक्षपात नव्हे. घोटाळा होतो तो कृत्याचं नाव माणसाला, मग संघटनेला, मग त्या संघटनेच्या गावाला आणि शेवटी अख्ख्या समाजाला चिकटत जातं तेव्हा. कृत्याची व्याख्या करता येते. आपल्याकडे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या पंधराव्या कलमात ‘दहशतवादी कृत्य’ म्हणजे काय हे लिहिलेलंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून मात्र त्याच कायद्याखाली कुठल्याही एका माणसालाही, खटला संपण्याची वाट न पाहता, दहशतवादी म्हणून जाहीर करता येतं. जगाच्या पातळीवर तर व्याख्येवरच गाडी अडली आहे. दहशतवादाविरुद्ध सर्वंकष करार व्हावा म्हणून भारतानेच १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मसुदा ठेवला. तो आजही मंजूर नाही, कारण मुक्तिलढा कुठे संपतो आणि दहशत कुठे सुरू होते, यावर देशांचं एकमत होत नाही. नाना पाटलांची तुफान सेना त्या मसुद्यात कुठे बसली असती, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये कोणी विचारला नसेल, पण कुंडलमध्ये विचारायला हरकत नाही.

गौरवाच्या नावांबद्दलही दोन शब्द. ती भारित नसतात असं आपण उगाच धरून चालतो. सातारा-सांगलीत ही नावं कायमची मुक्कामाला आली ती साखर कारखान्यांच्या कमानींवर. वाळव्याला हुतात्मा किसन अहिर, कुंडलला क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, भुईंजला किसन वीर. नाना पाटील ‘क्रांतिसिंह’, नागनाथअण्णा ‘क्रांतिवीर’. उसाच्या पावतीवर, काट्याच्या चिठ्ठीवर, ट्रॅक्टरच्या पाटीवर हे शब्द इतक्यांदा येतात की आता ते वाचले जात नाहीत. ‘दरोडेखोर’ने जे केलं तेच ‘क्रांतिसिंह’ही करतो. येडेमच्छिंद्रचा एक तलाठी नोकरी सोडून उठला, सत्यशोधकी जलशांत बोलायला शिकला, पुढे लाल बावट्याखाली गेला, १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला थेट बीडमधून लोकसभेत निवडून आला; हा सगळा चढउतार त्या एका सिंहाखाली झाकला जातो. पुतळ्याच्या खालच्या पाटीवर ‘कम्युनिस्ट’ हा शब्द शोधून पाहा.

‘फरारी’ आणि ‘भूमिगत’ या जोडीची गोष्ट स्वातंत्र्यानंतरही संपली नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. तुरुंगात गेलेल्यांचं सोपं होतं. तुरुंगाच्या दप्तरातला दाखला पुरे. भूमिगतांनी काय दाखवायचं? नियम असा ठरला की सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असल्याचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे फरारी गुन्हेगार म्हणून जाहीर झाल्याचा, पकडून देणाऱ्याला बक्षीस लावल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघूनही तो बजावला न गेल्याचा सरकारी कागद. म्हणजे इंग्रजाच्या फौजदाराने ज्याच्या नावापुढे ‘फरारी’ लिहून ठेवलं होतं त्याचं काम झालं. जो इतका हुशार होता की पोलिसांच्या वहीत त्याचं नावच कधी चढलं नाही, किंवा ज्या बाईने माळ्यावर माणसं लपवली आणि भाकऱ्या पोचवल्या, त्यांच्याजवळ असा कागद नव्हता. त्यांना दीर्घ कारावास भोगलेला एखादा नामांकित स्वातंत्र्यसैनिक गाठून, ‘हा आमच्यात होता’, ‘ही आमच्यात होती’ असं त्याच्या सहीनिशी लिहून आणावं लागलं.